कॉलेजचं रायटिंग सेंटर: फुकट आहे, पण निबंध दुरुस्त करून मिळत नाही

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी वैतागायला नको. रायटिंग सेंटर म्हणजे निबंध लिहिताना ट्यूटर मदत करतात ती कॉलेजातली जागा, पण तिथे व्याकरण तपासून मिळत नाही. कागद पुढे केला की कुणी लाल पेन घेऊन बसत नाही. आमच्या वर्गातला एक जण यावरून एवढा तडकला की 'फी कशाची घेतात मग?' म्हणत बाहेर पडला. फी वेगळी काही नाही, कॉलेजच्या फीमध्येच धरलेली असते. पण त्याचा मुद्दा मला कळला. आपल्याकडे शिक्षकाकडे वही न्यायची ती तपासून घ्यायला.

मी न्यू जर्सीत राहते. नर्सिंगच्या प्रवेशासाठी इंग्लिश कॉम्पोझिशन, म्हणजे इंग्रजी निबंधलेखनाचा कोर्स लागतो, म्हणून सांगलीच्या बी.कॉम.नंतर बऱ्याच वर्षांनी इथल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कॉलेजात बसले. सगळ्यांना धडकी भरते ती क्रिटिकल ॲनालिसिसच्या निबंधाची. बारावीला आपण रसग्रहण लिहायचो: कवीचा परिचय, मध्यवर्ती कल्पना, आवडलेल्या ओळी, भाषेचं सौंदर्य. गाईडमधले दोन परिच्छेद पाठ असले की भागायचं, आणि कविता सुंदर आहे हे तर ठरलेलंच. इथे कौतुक नको आणि सारांशही नको. लेखकाला वाचणाऱ्याकडून काय हवंय, त्यासाठी त्याने काय काय केलंय आणि ते साधलंय का, हे मजकुरातल्या पुराव्यानिशी सांगायचं. वर स्वतःचा थिसिस, म्हणजे निबंधभर पटवून द्यायचा एक मुद्दा हवा, आणि तोही समोरच्याला वाद घालता येईल असा.

आम्हाला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांचं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्र होतं, 16 एप्रिल 1963 चं. अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी जाहीर निवेदन काढलं होतं की तिथली वंशभेदाविरुद्धची निदर्शनं शहाणपणाची नाहीत आणि वेळही चुकीची आहे. त्याला हे उत्तर. अमेरिकेत कॉम्पोझिशनच्या वर्गात हे पत्र फार ठिकाणी लावतात, त्यामुळे त्यावरचं आयतं 'ईथॉस-पेथॉस-लोगॉस' (लेखकाची विश्वासार्हता, भावना आणि तर्क) इंटरनेटवर ढिगाने मिळतं. माझा मुलगा म्हणालाच, "आई, चॅटजीपीटीला सांग ना, दोन मिनिटांत देईल." सिलॅबसमध्ये त्याला सक्त मनाई आहे, आणि मला 'किंग यांनी तर्क आणि भावना यांचा प्रभावी वापर केला आहे' छापाचं काही नकोच होतं.

म्हणून रायटिंग सेंटर गाठलं. ट्यूटर म्हणून माझ्या वाट्याला निवृत्त शाळामास्तरीण आली. पाऊण तासाची वेळ असते. तिने पहिल्यांदा दोन हायलायटर पुढे ठेवले. किंग 'काय' म्हणतात ती वाक्यं पिवळी कर, ते 'कसं' म्हणतात ती हिरवी. पहिलं पान झेंडूच्या शेतासारखं झालं! ती हसली आणि म्हणाली, इथे येणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. मग तिने पत्रातलं ते प्रसिद्ध लांबलचक वाक्य मोठ्याने वाचायला लावलं. तीनशेहून जास्त शब्दांचं एकच वाक्य. झुंडींनी केलेल्या हत्या, पोलिसांची मारहाण, टीव्हीवर जाहिरात पाहून सहा वर्षांची लेक विचारते की मला त्या करमणूक पार्कात का जाता येत नाही, असं एकामागून एक, अर्धविरामांनी जोडलेलं. मुख्य वाक्य येतं ते थेट शेवटी: मग तुम्हाला कळेल की आम्हाला थांबणं का जड जातं.

"श्वास कुठे घेतलास?" तिने विचारलं. नीटसा कुठेच घेता आला नव्हता. "मग त्याने तुझ्याकडून काय करून घेतलं?"

मला थांबायला लावलं होतं! 'जरा थांबा' असा सल्ला देणाऱ्यांना किंग यांनी त्या वाक्यात ताटकळत ठेवलंय. खरं तर हे मराठी माणसाच्या नजरेतून सहज निसटतं, कारण आपलं क्रियापद शेवटीच येतं आणि वाक्य संपेपर्यंत वाट पाहायची आपल्याला सवयच असते. इंग्रजी वाचकाला ते टोचतं. माझा थिसिस तिथून निघाला, आणि तो तिने एका शब्दानेही सांगितला नव्हता. प्रत्येक उताऱ्यानंतर ती 'बरं, मग?' एवढंच विचारत राहिली. याचा राग येतो, पण निबंध याच प्रश्नाने पुढे सरकतो.

आता तक्रारी. सगळे ट्यूटर असे नाहीत. एकदा विद्यार्थी-ट्यूटर मिळाला, त्याचं सगळं लक्ष फोनकडे. मिडटर्मच्या आठवड्यात वेळ मिळणं अशक्यच. ऑनलाइन ड्राफ्ट पाठवायची सोय आहे, पण शेरे येतात ते 'इथे आणखी विस्तार करा' असले, कुणाच्याही निबंधाला चालतील असे. आणि ज्यांचं इंग्रजी खरंच कच्चं आहे त्यांना 'आम्ही वाक्यं दुरुस्त करत नाही' म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही. निदान नेहमी होणारी एखादी चूक तरी समजावून सांगावी.

एमएलएचे (निबंधाची मांडणी आणि संदर्भ देण्याच्या पद्धतीचे) नियम, मार्जिन, वर्क्स साइटेड म्हणजे शेवटची संदर्भसूची, यासाठी तिथली वेळ अजिबात घालवू नका. पर्ड्यू विद्यापीठाचं 'आउल' (ऑनलाइन रायटिंग लॅब) ही वेबसाइट 1994 पासून ऑनलाइन आहे, फुकट आहे, आणि नमुन्याचा अख्खा निबंध तिथे मांडून ठेवलाय. तो शेजारी उघडा ठेवून आपलं पान जुळवायचं.

पाचपैकी चार तारे. ड्राफ्ट कच्चा असतानाच जा, सबमिशनच्या आदल्या दिवशी नको. मूळ मजकुराची प्रिंट न्या, फोनवर दाखवू नका. नाव नोंदवताना ट्यूटर निवडता येतो हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.