जुन्या ट्रकचे कर्ज आणि नवा मालक-चालक : तालुक्याच्या एका वित्त शाखेची सेवा

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी-मारेगाव भागात जुना ट्रक घेऊन तो स्वतःच चालवावा असे ज्या तरुणांच्या मनात येते, त्यांतील बरेच जण वाहनकर्ज देणाऱ्या एका खासगी वित्त कंपनीच्या तालुका शाखेत जातात. माझा भाचाही गेला आणि कागदपत्रांच्या कामी मी त्याच्यासोबत होतो. मी जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, हिशेबाचे काम पाहतो. रुईच्या गाठी आणि सरकी भरून जाणाऱ्या गाड्यांच्या बिल्ट्या (मालाच्या पावत्या), त्यांचा ॲडव्हान्स आणि मागे राहिलेले भाडे माझ्याच वहीत नोंदले जाते. त्यामुळे या कर्जाकडे मी मामा म्हणून जसे पाहिले, तसेच भाडे देणाऱ्याच्या बाजूनेही पाहिले.

शाखेची सेवा तत्पर आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. राष्ट्रीयीकृत बँकेत आयकर विवरणपत्र आणि तारण यांवरच बोलणे अडते. इथे आधार, पॅन, बँकेचे पासबुक आणि एक जामीनदार एवढ्यावर प्रकरण पुढे सरकले. शाखेचा माणूस गावात येऊन घर पाहून गेला, शेजाऱ्यांशी बोलला आणि प्रत्येक कागदावर काय लिहिले आहे ते समजेल अशा भाषेत सांगत राहिला. गाडीचे मूल्यांकन करणाऱ्याने इंजिन, चेसिसचा नंबर, टायरची नक्षी आणि विम्याची मुदत बारकाईने तपासली. नवख्या माणसाची दलालाकडून होणारी फसवणूक एवढ्या तपासणीने पुष्कळ टळते, आणि याबद्दल शाखेला पूर्ण श्रेय दिले पाहिजे.

व्याजाच्या बाबतीत मात्र तोंडी बोलणे आणि कागद यांत अंतर आढळले. तोंडी सांगितलेला दर ‘फ्लॅट’ होता, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. दहा लाखांच्या कर्जाला वर्षाला १२ टक्के फ्लॅट दराने चार वर्षांचे व्याज ४ लाख ८० हजार होते आणि महिन्याचा हप्ता ३०,८३३ रुपये बसतो. तेच १२ टक्के उरलेल्या मुद्दलावर आकारले, तर हप्ता २६,३३४ रुपये येतो. म्हणजे फ्लॅट दराचे १२ टक्के प्रत्यक्षात जवळपास २१ टक्के पडतात आणि चार वर्षांत सव्वादोन लाखांच्या आसपास फरक पडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाचे मुख्य तथ्य विवरणपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणे बंधनकारक आहे आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहावा लागतो. शाखेने आधी इंग्रजी प्रत पुढे केली. मराठी प्रत मागितल्यावर ती कुरकूर न करता दिली. न मागताच ती मिळायला हवी होती.

माझी खरी हरकत हप्त्यांच्या मांडणीवर आहे. आमच्या भागात एका सहाचाकी गाडीच्या मालकाला काम मिळते ते मुख्यतः कापसाच्या हंगामात. दिवाळीच्या सुमारास जिनिंग सुरू होते, मार्चपर्यंत गाठी आणि सरकी यांची वाहतूक जोरात असते, त्याच काळाच्या आरंभी सोयाबीनही बाजार समितीत येते. आणि पावसाळ्यात जिनिंगचे फाटक बंद असते. कोळसा आणि सिमेंट वर्षभर हलतात हे खरे, पण ते काम बहुधा ठेकेदारामार्फत मिळते, त्यासाठी टिपर किंवा जास्त चाकांची गाडी लागते आणि वजनकाट्यावरच्या रांगेत दिवस जातो तो वेगळाच. भाड्याचे पैसेही एकरकमी हाती येत नाहीत. भरतेवेळी डिझेलपुरता ॲडव्हान्स मिळतो आणि उरलेली रक्कम पोचपावती परत आल्यानंतर निघते. त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. कर्जाचा हप्ता मात्र पहिल्याच महिन्यापासून ठरलेल्या तारखेला खात्यातून कापला जातो आणि खाते रिकामे असेल तर दंडाचे शुल्क लागते. याच शाखेत, याच टेबलावर, ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ता मिळतो, कारण शेतकऱ्याचा पैसा पिकावर येतो हे कंपनीला मान्य आहे. त्याच शेतकऱ्याचा कापूस वाहून नेणाऱ्या गाडीचा पैसाही त्याच पिकावर येतो. मग तिच्या मालकाला हंगामात मोठा आणि पावसाळ्यात लहान हप्ता का मिळू नये, असे मी विचारले. वरून तशी योजना नाही, एवढेच उत्तर मिळाले.

कर्जाची मुदत आणि गाडीचे वय यांचाही मेळ पाहिला पाहिजे. भाच्याने पसंत केलेली गाडी आठ वर्षे पूर्ण झालेली होती. आठ वर्षांनंतर पासिंग, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याची तपासणी, दरवर्षी करावे लागते, आणि दोन आसांच्या (सहाचाकी) ट्रकला बारा वर्षांनंतर नॅशनल परमिट, म्हणजे परराज्यात माल नेण्याचा परवाना, मिळत नाही. म्हणजे चार वर्षांचे कर्ज फिटेल त्याच सुमारास गाडी तेलंगणात नेण्याचा रस्ता बंद होईल, आणि आमच्या सीमाभागात आदिलाबादकडचे भाडे गेले की कमाईचा मोठा हिस्सा जातो. शाखेने गाडीची किंमत नीट काढली, पण ही गोष्ट तिने आपणहून सांगितली नाही.

परवान्याची विचारपूसही ओझरतीच झाली. हलक्या वाहनाचा परवाना एक वर्ष जुना असल्याशिवाय अवजडचा शिकाऊ परवाना मिळत नाही आणि वय वीस पूर्ण लागते. भाच्याजवळ हलकाच परवाना आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानुसार त्यावर साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते. साडेअठरा टन एकूण वजनाचा सहाचाकी ट्रक मात्र चालवता येत नाही. तरीही कर्ज मंजूर झाले असते, आणि ड्रायव्हर ठेवून त्याचा पगार आणि भत्ता हप्त्याच्या वर द्यावा लागला असता. भरलेली सहाचाकी लिटरला पाच-साडेपाच किलोमीटर चालते, म्हणजे शंभर किलोमीटरला अठरा ते वीस लिटर डिझेल. थर्ड पार्टी विम्याचाच हप्ता २०२२ च्या दरपत्रकात १२ ते २० टनांच्या गाडीला ३५,३१३ रुपये होता. हे सारे भागवण्यासाठी जादा माल भरावा, असा सल्ला ट्रकच्या अड्ड्यावर कोणीही देतो. जादा भाराला कायद्यात २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे, हे तिथे कोणी सांगत नाही.

माझे मत असे की, दुसऱ्याच्या गाडीवर निदान दोन हंगाम काढलेल्या, एखाद्या जिनिंगशी किंवा ट्रान्सपोर्टशी भाड्याची बोली झालेल्या आणि तीन हप्ते बाजूला ठेवू शकणाऱ्या माणसाने या शाखेकडे अवश्य जावे. काम लवकर आणि सन्मानाने होते. ज्याच्याजवळ यांतले काहीच नाही, त्याने इतक्या सहज मिळणारे हे कर्ज आज घेऊ नये. जाणाऱ्याने दर उरलेल्या मुद्दलावरचाच विचारावा, मुदतीआधी कर्ज फेडल्यास किती शुल्क लागेल ते लिहून घ्यावे, आणि कर्ज फिटल्यावर फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) व कंपनीचे ना-हरकत प्रमाणपत्र किती दिवसांत मिळेल तेही विचारावे, कारण आरटीओत गाडीवरचा बोजा त्याशिवाय उतरत नाही. भाच्याने सध्या अवजडचा परवाना काढायचे ठरवले आहे. त्याचे प्रकरण शाखेने बंद केले. पुढे पुन्हा अर्ज केल्यास मूल्यांकन नव्याने होईल आणि त्याचे शुल्कही नव्याने भरावे लागेल, असे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितले आहे.