नेपियरचं ‘बी’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

संकरित नेपियर या चाऱ्याच्या गवताचं बी कुणी विकत असेल तर तो चोर आहे. हे गवत बाजरी आणि नेपियरच्या संकरातलं, वांझ. त्याला उगवणारं बी धरतच नाही, लागवड ठोंबांनी (मुळासकट काढलेल्या फुटव्यांनी) नाहीतर कांड्यांनीच होते. मला हे ₹22,250 गेल्यावर कळलं. बियाणं ₹11,600, पार्सलचं भाडं ₹450, नांगरट आणि सरी ₹4,200, शेणखत ₹6,000.

विकणाऱ्याच्या जाहिरातीच्या व्हिडिओत पुरुषभर उंच गवत आणि ‘22 टक्के प्रथिनं, एकदा पेरा, वर्षानुवर्षं कापा’. (खऱ्या नेपियरमध्ये प्रथिनं साधारण 8 ते 10 टक्केच असतात.) दावणीला म्हशी आणि उन्हाळा तोंडावर असताना कुणीही पैसे पाठवले असते.

पाकीट फोडलं तिथेच सगळं उघड होतं, हे आजही डोक्यातून जात नाही. आईने चिमूटभर दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारली आणि म्हणाली, ‘‘अरे, ही तर बाजरीच!’’ राखाडी, टोकदार, अगदी घरच्या कणगीतल्यासारखे दाणे. मी लगेच विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘‘दादा, या संकरात मादी बाजरीच असते, दाणा तसाच दिसणार.’’ मादी बाजरी असते हे खरंच आहे! असं अर्धं खरं बोलणाऱ्याला कसं पकडायचं? पेरलं. दोन महिन्यांच्या आत कणसं लागली, आणि कापल्यावर पुन्हा फुटायचं नाव नाही.

कृषी कार्यालयात म्हणाले, पाकिटावर लॉट नंबर नाही, पक्की पावती नाही, पंचनामा कशाचा करू? अहो, 1983च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार परवान्याशिवाय बी विकताच येत नाही, पावती देणंही बंधनकारक आहे. त्याने दिली नाही हाच तर गुन्हा! पोलिसांनी ग्राहक आयोगाकडे बोट दाखवलं. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. म्हणजे चोर मोकळा आणि कागद गोळा करत फिरायचं आम्ही. विनालेबल माल विकणाऱ्याला पकडायला त्याच्याच लेबलची अट घालणाऱ्यांना पगार कशाचा मिळतो?

पैसे गेल्याबरोबर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मला हा नंबर फार उशिरा कुणीतरी सांगितला. ठोंब घ्यायचे तर कृषी विद्यापीठातून घ्या, राहुरीच्या विद्यापीठाचं फुले जयवंत हे वाण आहे. नाहीतर ज्याच्या शेतात गवत उभं आहे त्याच्याकडून, डोळ्यांसमोर तोडून. आगाऊ रुपयाही देऊ नका.

तीच जाहिरात अजून चालू आहे, नंबर तेवढा बदललाय. पाकिटं, पैसे पाठवल्याचे पुरावे आणि त्याच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग मी जपून ठेवलंय. याच पद्धतीने आणखी कुणी फसलं असेल तर कळवा, तक्रार एकत्र करू.