गच्चीवरच्या टाकीचा सर्व्हर: ईएसपी३२ वर पान आणि एपीआय, आठ महिन्यांचा अनुभव

भांडुपच्या आमच्या सोसायटीत पालिकेचं पाणी पहाटे येतं. खालची टाकी भरली की पंपवाले काका ते गच्चीवरच्या टाकीत चढवतात. वरची टाकी किती भरली हे बघायला त्यांना पाच मजले चढून जावं लागायचं, भर पावसातसुद्धा. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून ईएसपी३२ चा बोर्ड (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर) आणि ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर आणला. सेन्सरबद्दल तक्रार नाही. पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपासून दीडेक वीत उंच बसवला की नीट चालतो. सांगायचंय ते त्या बोर्डावरच्या वेबसर्व्हरबद्दल.

लायब्ररी ईएसपी असिंक वेबसर्व्हर, फाइल्स लिटिलएफएसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या फ्लॅश मेमरीतल्या फाइल सिस्टीममध्ये. काकांच्या फोनवर उघडणारं पानही हाच बोर्ड देतो आणि पातळीचा आकडाही हाच. पान ज्या पत्त्यावरून हा आकडा मागतं तो एपीआय. पान बाहेर कुठेतरी एचटीटीपीएसवर ठेवलं असतं, तर त्यातून घरच्या साध्या एचटीटीपी पत्त्यावर जाणारी विनंती ब्राउझरने अडवली असती. एकाच पत्त्यावरून दोन्ही दिल्यामुळे तो प्रश्न मिटला, कॉर्सची (एका पत्त्यावरच्या पानाने दुसऱ्या पत्त्याकडून माहिती घेण्यावरच्या ब्राउझरच्या बंधनांची) कटकटही गेली. इंटरनेट बंद असलं तरी सोसायटीच्या वायफायवर पान उघडतं. हा निर्णय मी आजही बदलणार नाही.

पहिला फटका वेगळ्याच ठिकाणी बसला. एपीआयच्या हँडलरमध्येच (विनंती आली की चालणाऱ्या फंक्शनमध्येच) मी सेन्सर वाचत होतो, मध्ये डिले म्हणजे थांबा टाकून. दोघांनी एकदम पान उघडलं की वॉचडॉग (प्रोग्राम अडकलाय का यावर नजर ठेवणारा टायमर) बोर्ड रीस्टार्ट करायचा. असिंक हँडलरमध्ये थांबायचंच नसतं. आता वाचन प्रोग्रामच्या सतत फिरणाऱ्या मुख्य लूपमध्ये होतं आणि हँडलर फक्त शेवटचा आकडा देतो.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. फोल्डरमधल्या फाइल्स जशाच्या तशा पाठवणाऱ्या सर्व्हस्टॅटिकला मी लिटिलएफएसचं मूळ फोल्डरच दिलं होतं आणि वायफायच्या पासवर्डची कॉन्फिग फाइलही तिथेच होती. एके रात्री सहज पत्त्यापुढे त्या फाइलचं नाव टाकलं आणि पासवर्ड जसाच्या तसा स्क्रीनवर आला. सोसायटीच्या वायफायवरचा कोणीही तो वाचू शकला असता. त्याच रात्री पानाच्या फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये हलवल्या आणि सर्व्हस्टॅटिकला तेवढंच फोल्डर दिलं. सेटिंग्ज एनव्हीएसमध्ये, म्हणजे फ्लॅशमधल्या सेटिंग्जसाठीच्या वेगळ्या भागात नेल्या. त्याचा आणखी एक फायदा झाला. लिटिलएफएसची नवीन इमेज चढवली की जुनं सगळं पुसलं जातं, त्यामुळे आधी प्रत्येक वेळी वायफाय पुन्हा जोडावं लागायचं.

हँडलरचा क्रमही बघा. लायब्ररी ज्या क्रमाने हँडलर नोंदवले त्याच क्रमाने विचारते. स्टॅटिक (सर्व्हस्टॅटिकचा हँडलर) आधी नोंदवला, तर एपीआयच्या प्रत्येक विनंतीला ती आधी त्या नावाची फाइल शोधते आणि सीरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या खिडकीत) ‘फाइल नाही’च्या ओळींचा पाऊस पडतो. एपीआय आधी, स्टॅटिक नंतर.

आता सगळ्यात महागात पडलेली गोष्ट. पान आणि एपीआय एकाच बोर्डावर असले तरी ते एकत्र बदलत नाहीत. एपीआय फर्मवेअरमध्ये (बोर्डाच्या प्रोग्राममध्ये), पान लिटिलएफएसमध्ये, आणि पानाची एक प्रत फोनच्या कॅशमध्ये (ब्राउझरच्या तात्पुरत्या साठ्यात). ऑक्टोबरमध्ये मी एपीआय बदलला. आधी तो सेन्सरपासून पाण्यापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये द्यायचा, आता टाकी किती टक्के भरली ते देऊ लागला. उत्तरातल्या त्या आकड्याचं, म्हणजे फील्डचं नाव मात्र तेच ठेवलं. काकांच्या फोनमध्ये जुनी जावास्क्रिप्ट होती, कारण कॅशची मुदत मीच एक दिवसाची ठेवली होती. टाकी ९० टक्के भरलेली. जुन्या पानाने ९० म्हणजे अंतर समजून १५० सेंटिमीटरच्या टाकीत ४० टक्के पाणी दाखवलं. काकांनी पंप चालू केला. गच्चीवरून पाणी वाहत जिन्यापर्यंत आलं तेव्हा कळलं. पाण्यासाठी पहाटे उठणाऱ्या इमारतीत ते बघवत नव्हतं. चूक माझी होती, ते मी काकांना आणि कमिटीला तसंच सांगितलं.

तेव्हापासून मुख्य पानाला नो-कॅश, म्हणजे साठवलेली प्रत वापरण्याआधी ब्राउझरने दरवेळी बोर्डाला विचारायचं. जावास्क्रिप्टच्या नावातच आवृत्तीचा आकडा, म्हणून तिला एक वर्षाची मुदत. एपीआयच्या उत्तराला नो-स्टोअर, म्हणजे ते साठवायचंच नाही. आणि अर्थ बदलला की फील्डचं नावही बदलतो.

नॉट-फाउंडचंही, म्हणजे न सापडलेल्या पत्त्याला काय उत्तर द्यायचं याचंही, असंच. कुठलाही अनोळखी पत्ता आला की मी मुख्य पान पाठवत होतो, म्हणजे आतल्या पानावर रिफ्रेश केलं तरी चालेल. एकदा नवीन पान चढवलं आणि फर्मवेअर राहिलं. पानाने नसलेला एपीआय मागितला, उत्तरात २०० (‘सगळं ठीक’) कोडसह एचटीएमएल मिळालं आणि जेसन (एपीआयच्या उत्तराचा मजकूर-साचा) वाचताना पहिल्याच ‘<’ ला स्क्रिप्ट अडली. पान कोरं. आता पत्ता एपीआयने सुरू होत असेल तर सरळ ४०४ (‘सापडलं नाही’) आणि छोटंसं जेसन जातं, बाकीच्यांना मुख्य पान.

जागेची अडचण आली नाही. ४ एमबी फ्लॅशच्या नेहमीच्या विभागणीत फाइल्सना साधारण दीड एमबी मिळतात. फाइल्स जीझिप करून (दाबून लहान करून) ठेवल्या की लायब्ररी आपोआप तीच प्रत पाठवते आणि पान पटकन उघडतं. पंपरूमचा एमसीबी पडून बोर्ड अनेकदा मध्येच बंद झाला, पण लिटिलएफएसमधली एकही फाइल खराब झाली नाही.

ज्या फोनवर बोर्डाचा डॉट लोकल पत्ता (आयपीच्या आकड्यांऐवजी वापरायचं नाव) चालत नाही, त्यांच्यासाठी राउटरमध्ये बोर्डाचा आयपी पक्का केलाय. काकांनी तो पंपरूमच्या दारावर खडूने लिहून ठेवलाय.