नॅरोबोट घ्यायची? आधी ती काठाला बांधायची जागा बघा

लंडन-बर्मिंगहॅमकडे नोकरीला आलेली आपली मंडळी घरभाड्याने मेटाकुटीला येतात, आणि कालव्याकाठी ओळीने बांधलेल्या नॅरोबोटी, म्हणजे राहता येईल अशा अरुंद, लांबट बोटी, बघून मनात हिशेब मांडू लागतात. बरी जुनी 57 फुटी बोट साधारण 40 ते 70 हजार पौंडांत मिळते. त्या पैशांत लंडनमध्ये घर मिळणार नाही. हिशेब खरा आहे, पण अर्धाच. बोटीवर तीन हिवाळे काढल्यावर सांगते, घर की बोट हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवा, बोटीला कायमची जागा घेणार की जागेविना फिरत राहणार.

जागेविना फिरणाऱ्याला इथे कंटिन्युअस क्रूझर म्हणतात. इंग्लंड-वेल्समधले सुमारे 2,000 मैलांचे जलमार्ग कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळतो, आणि 1995 च्या कायद्याप्रमाणे अशा बोटीला एका ठिकाणी सलग 14 दिवसांहून जास्त राहता येत नाही. त्याच दोन पुलांमध्ये पुढे-मागे करूनही चालत नाही. वर्षभरात बोट ज्या पट्ट्यात फिरते तो 20 मैलांहून कमी असेल तर ट्रस्ट हरकत घेऊ शकतो. मूल शाळेत जाणारं असेल तर हा मार्ग मी कुणालाच सुचवणार नाही. पैशाने मात्र हाच सगळ्यांत स्वस्त, जरी एप्रिल 2024 पासून अशा बोटींच्या लायसन्सवर 5 टक्के अधिभार सुरू झाला आणि 2028 पर्यंत तो 25 टक्क्यांवर जायचा असला तरी.

कस लागतो तो हिवाळ्यात. डिसेंबर-जानेवारीत सोलर पॅनलचा फारसा उपयोग नसतो, बॅटऱ्या इंजिन चालवूनच भराव्या लागतात, आणि शेजाऱ्यांच्या झोपेसाठी रात्री 8 ते सकाळी 8 इंजिन बंद ठेवायचं असतं. मी ऑफिसातून साडेसातला पोचायचे, म्हणजे हातात अर्धा तास. इन्व्हर्टरवर मिक्सर लावला की दिवे मंद व्हायचे, म्हणून इडलीचं वाटण रविवारी दुपारी, इंजिन चालू असतानाच. पातेलं रात्रभर कोळशाच्या स्टोव्हशेजारी ठेवलं की पीठ मात्र असं फुगून यायचं, की तसं मला इथल्या फ्लॅटमध्ये कधी जमलं नव्हतं.

बोटीची बाहेरून रुंदी 6 फूट 10 इंच, कारण कालव्यावरची जुनी लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद, 7 फुटांची. आत जेमतेम सहा फूट उरतात. फोडणी दिली, भाताला वाफ आली, की पाचव्या मिनिटाला खिडक्यांवरून पाणी ओघळतं आणि गादीखाली बुरशी धरते. स्वयंपाक करताना बाहेर बर्फ असला तरी खिडकीची फट उघडीच हवी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर हवाच हवा. संडासाची कॅसेट, म्हणजे मैल्याची सुटी टाकी, दोघांत दोन-तीन दिवसांत भरते आणि ती उचलून एल्सन पॉइंटवर, म्हणजे मैला टाकायच्या ठरलेल्या जागी, स्वतः रिकामी करावी लागते. घरातल्या दोघांचीही या कामाला तयारी आहे का, हे बोट बघायला जाण्याआधी बोलून घ्या.

कायमची जागा, म्हणजे रेसिडेन्शियल मूरिंग, घेतलं की यातलं बरंच हलकं होतं. बहुतेक ठिकाणी काठावरून वीज मिळते, पाण्याचा नळ जवळ असतो; टपालाला आणि डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्ता असतो. पण लंडनच्या आसपास अशा जागा थोड्या आणि महाग. काही ठिकाणी काउन्सिल टॅक्सही, म्हणजे इथली घरपट्टी, लागतो. इथेच मी फसले. जागा लीझर मूरिंगची होती, म्हणजे बोट ठेवायची, राहायचं नाही. "इथे सगळेच राहतात," असं विकणाऱ्याने सांगितलं आणि मी ते धरून चालले. आठ महिन्यांनी निघा म्हणून पत्र आलं, तेही फेब्रुवारीत, दुरुस्तीसाठी पुढचं लॉक बंद असताना.

फ्लॅटबद्दल लिहायला थोडंच आहे. बॉयलर बिघडला तर फोन घरमालकाला करायचा. बोटीवर सगळं आपल्यावर: दर दोन-तीन वर्षांनी पाण्याबाहेर काढून तळाला काळं डांबर फासायचं, दर चार वर्षांनी सुरक्षा प्रमाणपत्र, विमा, हजार पौंडांच्या वर लायसन्स. घरासारखं कर्ज मिळत नाही, आणि किंमत वर्षागणिक वाढेल हे गृहीत धरू नका.

तरीही मेमधल्या पहाटे, शेजारी बगळा उभा आणि हातात चहा, अशा वेळी मी तिथे जितकी शांत होते तितकी या देशात दुसऱ्या कुठल्या घरात झाले नाही. एकट्याला किंवा दोघांना, घरून काम असेल, वर्षाचा खर्च बाजूला ठेवलेला असेल, तर फिरती बोट जरूर घ्या. मुलं असतील तर आधी रेसिडेन्शियल मूरिंग, मग बोट. जागा मिळेपर्यंत फ्लॅटच बरा. मूरिंगच्या करारात 'रेसिडेन्शियल' हा शब्द लिहिलेला स्वतः वाचा. आणि बयाणा देताना सर्व्हेची अट घाला: बोट पाण्याबाहेर काढून पत्र्याची जाडी मोजून घ्यायची. तळ मुळात 10 मिलिमीटरचा, बाजू 6 च्या असतील, तर आज किती उरलंय, त्यावर भाव करा.