‘जुनी चिप परत पाठवा, हजार रुपये कमी करतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

जुन्या संगणकाचा प्रोसेसर ऑनलाइन विकणारा माणूस तुमच्याकडची मूळ चिप बदल्यात मागत असेल, तर तो व्यवहार तिथेच सोडा. मला अशाच एका विक्रेत्याने कसं लुटलं ते सविस्तर लिहितो. त्याची पद्धत इतकी सफाईदार आहे की पुढच्या माणसालाही तो याच वाटेने नेणार.

माझ्याकडे बीबीसी मायक्रो, मॉडेल बी हा जुना संगणक आहे. केंब्रिजच्या ॲकॉर्न कंपनीने ही मशीन १९८१ साली बाजारात आणली. आपल्याकडे १९८४ मध्ये सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा शाळांमध्ये हीच मशीन पोहोचली. वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या अलीकडे आमचं गाव. आमच्या भागातल्या एका शाळेने प्रयोगशाळेतलं जुनं सामान निर्लेखित करून लिलावात काढलं, तेव्हा मी ती घेतली. पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग आणि स्टॅबिलायझरची दुरुस्ती हाच माझा धंदा असल्याने सोल्डरिंग हातात बसलेलं आहे. पॉवर सप्लायमधले तडकलेले फिल्टर कपॅसिटर बदलले आणि मशीन त्या ओळखीच्या दोन सुरांच्या बीपसह उठली. पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ आलं, तेव्हा आमच्या विज्ञानाच्या सरांना बोलावून आणलं. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण बेसिक, म्हणजे या मशीनवर प्रोग्राम लिहायची भाषा, अजून तोंडपाठ आहे.

या मशीनमध्ये ६५०२ए हा प्रोसेसर असतो. त्याची पुढची आवृत्ती ६५सी०२. तिला वीज कमी लागते, ती तापत नाही आणि तिच्यात काही नव्या आज्ञा आहेत. हल्ली हौशी लोक जे नवे प्रोग्राम लिहितात, त्यातले काही तिच्याशिवाय चालत नाहीत. म्हणून मी ती शोधत होतो. एका विक्रेत्याची जाहिरात दिसली : रॉकवेल कंपनीची ६५सी०२, चार मेगाहर्ट्झ वेगाची, न वापरलेली. किंमत अडीच हजार, आणि मशीनमधली जुनी चिप आधी पाठवली तर दीड हजार. कारण काय, तर ‘जुन्या चिप्स आम्ही संग्राहकांना देतो’. माणूस बोलायला अतिशय गोड, प्रत्येक वाक्यात ‘सर’. मी माझी जुनी चिप पाठवून दिली. चिप आली ती काळ्या फोममध्ये नीट खोचलेली, अक्षरं पांढरीशुभ्र.

बसवली. मशीन उठली, बीप वाजला, प्रोग्राम चालला. थोड्या वेळाने कर्सर जागीच थिजला. बंद करून लगेच पुन्हा चालू केली तर एकच लांब सूर वाजत राहिला. ही मशीन सुरू होताना आवाजाची चिप आपोआप वाजू लागते आणि प्रोसेसर भानावर आला की तिला गप्प करतो. सूर थांबत नाही म्हणजे प्रोसेसर उठलाच नाही. बंद करून थंड होऊ दिली की पुन्हा चालायची. सकाळी बराच वेळ टिकायची, दुपारी लगेच अडकायची. मे महिना होता. आमच्याकडे मे महिन्याची दुपार कशी असते ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको.

खरी लूट इथून सुरू झाली. त्याला फोन केला की तो चिडायचा नाही, टाळायचा नाही, उलट आपुलकीने कारण सांगायचा. आधी म्हणाला, पॉवर सप्लाय कमजोर असणार, माझ्याकडे तयार आहे. मग म्हणाला, ४८१६ नंबरच्या रॅम चिप्स जुन्या झाल्या असतील, सोळाच्या सोळा बदला, संच देतो. त्यानंतर व्हिडिओ युएलए, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारी चिप तापते, तिच्यासाठी उष्णता ओढून घेणारा खास हीटसिंक. दर वेळी पैसे आगाऊ, यूपीआयने. शेवटी तर म्हणाला, ‘सर, तुमच्या खेड्यातली लाइनच खराब आहे.’ हे मला फार लागलं. व्होल्टेज मोजण्यात माझं आयुष्य गेलं. मीटरची एक पिन चिपच्या आठव्या पायावर, दुसरी एकविसाव्या पायावर धरली होती, चिपला वीज याच दोन पायांतून मिळते. चालू मशीनमध्ये ५.०२ व्होल्ट, मशीन अडकली त्या क्षणीही ५.०२, म्हणजे वीज ठीक होती.

त्याने सांगितलेलं प्रत्येक कारण एरवी खरं आहे, हे लक्षात घ्या. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर खरंच फुटतात, रॅम खरंच जाते, फेरांटी कंपनीची व्हिडिओ युएलए खरंच तापते. जुन्या मशीनबद्दल कुठेही वाचा, हीच कारणं सापडतील. त्यामुळे कोणाला विचारलं तरी त्याच्याच म्हणण्याला दुजोरा मिळतो. खोटी चिप एकदा तुमच्या सॉकेटमध्ये बसली की मशीन अडकत राहणार, आणि मशीन अडकली की त्याचा पुढचा माल खपणार. मूळ चिप त्याच्याकडे गेलेली असल्याने ती परत लावून बघायची सोयही तुमच्याकडे उरत नाही. बदल्यात जुनी चिप मागण्याचं खरं कारण हे आहे.

आमचे विज्ञानाचे सर एका दुपारी आले, माझं फोनवरचं बोलणं ऐकलं आणि म्हणाले, “अरे, मशीन सोताच सांगून राहिली ना, मंग त्याले काहून इचारतं?” त्यांनी स्टीलच्या वाटीत बर्फ घेतला, वाटीचं बूड कोरडं पुसलं आणि झाकण काढून वाटी फक्त प्रोसेसरवर टेकवली. (हे करताना पाण्याचा थेंब बोर्डावर पडू देऊ नका. वाटीला घाम फुटायला लागला की लगेच उचला.) वाटी होती तोवर मशीन चालली. उचलल्यावर थोड्याच वेळात थिजली. तीच वाटी युएलएवर ठेवून काही फरक पडला नाही.

मग त्यांनी बेसिकच्याच असेंब्लरमध्ये, म्हणजे प्रोसेसरला थेट आज्ञा द्यायच्या सोयीत, चार ओळी लिहिल्या. हे प्रत्येकाने करून बघावं, कारण याला पैसा लागत नाही. आधी एलडीए या आज्ञेने अक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हिशेबाच्या खणात, शून्य भरायचा. मग ईक्यूबी वापरून हेक्स (सोळाच्या पटीतल्या) अंकांतला १ए हा एकच बाइट टाकायचा. मग एसटीएने उत्तर हेक्स ७० या पत्त्यावर ठेवायचं आणि आरटीएसने बेसिककडे परतायचं. ६५सी०२ मध्ये १ए म्हणजे ‘अक्युम्युलेटर एकने वाढव’. जुन्या ६५०२ ला ही आज्ञा माहीतच नाही, ती चिप काही न करता पुढे जाते. म्हणून ७० या पत्त्यावर १ दिसला तर चिप नव्या जातीची, ० दिसला तर जुनी. आमच्या पडद्यावर ० आला.

पुढचं काम नेलपॉलिश रिमूव्हरने केलं. त्यात ॲसिटोन असतं. कापसाचा बोळा चिपच्या पाठीवर घासला तसा तो काळा झाला. छापलेली अक्षरंच काय, वरचा रंगाचा थरही निघाला. खाली एकाच दिशेने गेलेल्या पॉलिश पेपरच्या बारीक रेघा. भिंगातून पाहिलं तर त्या रेघांखाली अर्धवट घासलेला जुना नंबर होता, ६५०२, आणि त्याच्या पुढे अक्षर नाही. या चिपच्या नावापुढे काहीच नसेल तर ती एक मेगाहर्ट्झची, ‘ए’ असेल तर दोनची. बीबीसी मायक्रो दोन मेगाहर्ट्झवर चालते. म्हणजे या बिचाऱ्या चिपला दुप्पट वेगाने पळवलं जात होतं. थंड असताना ती कशीबशी निभावून न्यायची, तापली की तिची गती मंदावून चुकायची. एवढाच त्या क्रॅशचा उलगडा. कोणाच्या तरी भंगारातली साधी चिप घासून, रंगवून, चार मेगाहर्ट्झची म्हणून विकली.

सगळ्याच खोट्या चिप्सवरची अक्षरं ॲसिटोनने जात नाहीत, काहींवर ती लेझरने कोरलेली असतात. पण बाइटची परीक्षा चिपची जात लपू देत नाही, आणि हात लावूनही बरंच कळतं. खरी ६५सी०२ चालू असताना बोटाला जवळपास गार लागते, ही चांगली गरम लागत होती.

आजही नव्याने बनणारी डब्ल्यू६५सी०२एस ही चिप मिळते, तीही ‘सरळ बसवा’ म्हणून कोणी खपवत असेल तर ऐकू नका. चिप अस्सल असली तरी ते म्हणणं खोटं आहे. जुन्या सॉकेटमध्ये पहिला पाय जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडलेला असतो, या चिपमध्ये तो पाय बाहेर सिग्नल देतो. तो सॉकेटबाहेर ठेवावा लागतो, आणि छत्तिसावा पाय रेझिस्टरने पाच व्होल्टला बांधावा लागतो. तो मोकळा राहिला तर मशीन कधीही अडकेल, आणि विक्रेता पुन्हा तुमच्या पॉवर सप्लायलाच नावं ठेवेल.

मी त्याला चिपचे फोटो पाठवले. त्याच दिवशी त्याने मला ब्लॉक केलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच दिवशी फोन करा. पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात, मला तो वेळ मिळाला नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. गावात राहणाऱ्याला याचा मोठा आधार आहे. त्यासाठी कुरिअरची पावती, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, मूळ जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि फोनवरचे संदेश जपून ठेवा. खोटी चिपही फेकू नका, तोच पुरावा. पाकीट उघडतानाचा व्हिडिओ असेल तर उत्तम.

मशीन आता चालते आहे. अमरावतीच्या एका भंगारवाल्याकडे दुसऱ्या बीबीसी मायक्रोचा मेलेला बोर्ड मिळाला, त्यातली ६५०२ए काढून बसवली. दुपारभर चालू ठेवली तरी अडकत नाही. माझी मूळ चिप मात्र गेली ती गेलीच. तो माणूस आता दुसऱ्या नावाने जाहिरात करतो आहे. फोटो तेच, पांढरीशुभ्र अक्षरं तीच, आणि खाली ‘जुनी चिप परत पाठवल्यास सूट’ ही ओळही तशीच आहे.