एनसीएमसी कार्ड: पैसे भरले, पण गेट उघडेना (वापरानंतरचा अनुभव)

वर्ष होऊन गेलं, मुंबईत मेट्रो आणि बस दोन्हींसाठी एनसीएमसी कार्ड (नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, आधी पैसे भरून टॅप करायचं बँकेचं प्रवासाचं कार्ड) वापरतेय. मध्यंतरी कार्डाची चिप गेली, बँकेशी वादावादी झाली, आणि तेव्हाच ठरवलं की हे सविस्तर लिहायचं. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण आमच्या घरात दोन बँकांची कार्डं आहेत आणि मूळ दुखणं दोन्हींचं सारखंच आहे.

दुखणं म्हणजे दोन बॅलन्स. एक बँकेकडे असतो, तो ॲपमध्ये दिसतो. दुसरा कार्डाच्या चिपमध्ये, आणि गेट फक्त तोच ओळखतं. रात्री ॲपमधून 500 रुपये भरले, पैसे वजा झाल्याचा मेसेज आला, आणि सकाळी डहाणूकरवाडीच्या गेटवर लाल दिवा. मागे रांग. माघारी वळून सगळ्यांना ‘सॉरी, सॉरी’ म्हणत बाहेर यायचं, कस्टमर केअरच्या खिडकीत कार्ड द्यायचं. तिथली ताई कार्ड रीडरवर ठेवते, बीप होईपर्यंत हलवू देत नाही, आणि मग माझेच पैसे माझ्या कार्डात उतरतात. तिचं काम चोख असतं, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तोवर समोरून गाडी गेलेली असते.

असं का, ते मी नीट समजून घेतलं. गेट उघडताना दर वेळी बँकेला विचारत बसलं तर गर्दीच्या वेळी स्टेशन तुंबेल. म्हणून पैसे चिपमध्येच ठेवायचे, पिन नाही, नेटवर्क नाही, टॅप केलं की आत. मर्यादा 2,000 रुपयांची. हे पटतं, आणि टॅपचा वेग खरंच सुखाचा आहे. पटत नाही ते पुढचं. चिपमध्ये उतरल्याशिवाय हे पैसे गेटवर चालणार नाहीत, हे पैसे भरतानाच ठळक अक्षरांत का सांगत नाहीत? ॲप हिरवी खूण दाखवतं, ‘यशस्वी’ म्हणतं. प्रवाशाच्या दृष्टीने काहीच यशस्वी झालेलं नसतं.

काही बँकांच्या ॲपमध्ये एनएफसी (जवळ धरून कार्ड वाचायची सोय) असलेला फोन कार्डाला लावून घरीच बॅलन्स चिपमध्ये उतरवता येतो. माझ्या नव्या फोनवर हे जमायला लागलं तेव्हापासून माझा राग निम्मा झाला. पण आईच्या साध्या फोनमध्ये एनएफसी नाही. 65 वर्षांवरच्यांना मेट्रो 2ए आणि 7 वर मुंबई वन पासात (कार्डावरचा ठरावीक फेऱ्यांचा मेट्रो पास) 25 टक्के सूट आहे, म्हणजे कार्डाचा सर्वांत जास्त फायदा तिच्यासारख्यांना. आणि अपडेटसाठी खिडकीपाशी उभं राहण्याची पाळीही त्यांच्यावरच. हा दोष बारीकसा नाही.

आता चिप गेली त्याबद्दल. कार्ड वाकलं नव्हतं, भिजलं नव्हतं, एक दिवस कुठलाच रीडर ते ओळखेना. नवं कार्ड लवकर आलं. बँकेकडचा बॅलन्सही आला. चिपमधले पैसे मात्र ‘तपासून कळवू’. फोनवरचा प्रत्येक जण नव्याने सगळं विचारायचा, तक्रारीचा नंबर दिला तरी. चिपमधून किती खर्च झाला याची नोंद मशीनकडून बँकेकडे जातेच, मग उरलेला आकडा सांगायला अडचण काय? हे लेखी विचारल्यावर हालचाल झाली, पैसे मिळाले. रक्कम मोठी नव्हती. पण कुणाच्या आठवड्याच्या प्रवासाचे पैसे असे अडकले, तर त्याने रोज कामावर कसं जायचं?

चिप बंद होती तेवढ्या दिवसांत क्यूआर तिकिटावर आले, आणि कार्ड कायमचं सोडून द्यायचं जवळजवळ ठरलंही होतं. मग कागद-पेन घेऊन बसले. डहाणूकरवाडी ते ओशिवरा 20 रुपये. 45 फेऱ्यांच्या पासावर 15 टक्के सूट, म्हणजे 900 चे 765. 60 फेऱ्यांवर 20 टक्के, म्हणजे 1,200 चे 960. दोन्हींची मुदत 30 दिवस. आठवड्याला पाच दिवस ऑफिस असेल तर महिन्याचे साधारण 22 दिवस, 44 फेऱ्या. त्यामुळे 20 टक्क्यांच्या मोहात पडू नका. 960 वसूल व्हायलाच 48 फेऱ्या लागतात, त्याखाली सरळ तोटा. 45 चा पास घ्या. शिवाय पासाच्या फेऱ्यांना चिपमधल्या बॅलन्सची गरज पडत नाही, म्हणजे ज्या कटकटीवर मी एवढं लिहिलंय तीही बरीच टळते. हे कळल्यावर कार्ड ठेवलं.

बसमध्ये कंडक्टरच्या मशीनवर टॅप करते, सुट्ट्यांचा प्रश्न मिटतो. 9 मे 2025 पासून बेस्टचं किमान भाडं 5 वरून 10 झालं, एसीचं 6 वरून 12. स्टेशनपासून ऑफिसपर्यंतच्या एवढ्याशा टप्प्याला जाऊन-येऊन 24 रुपये, म्हणजे मेट्रोच्या एका फेरीपेक्षा जास्त. पाऊस नसेल तर मी चालत जाते.

लोकलला हे कार्ड माझ्या उपयोगाचं नाही, तिथे पासच. पण पासाचा एक हिशेब सांगून ठेवते. तीन महिन्यांचा पास महिन्याच्या 2.7 पट, सहा महिन्यांचा 5.4 पट, वर्षाचा 10.8 पट. भागून बघा, तिन्हींत बचत 10 टक्केच. वर्षभराचे पैसे एकदम गुंतवून जास्त काही सुटत नाही. नोकरी किंवा घर बदलण्याची शक्यता असेल तर तीन महिन्यांचा पुरे.

नवीन कार्ड घेणार असाल तर बँकेला दोन गोष्टी आधी विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. फोनवरून चिपमध्ये बॅलन्स उतरवता येतो का? चिप बिघडली तर आतले पैसे किती दिवसांत परत? कार्ड हरवलं तर ते रोख पैसे हरवल्यासारखंच समजा, कारण टॅपला पिन लागत नाही आणि चिपमधली रक्कम बँकेला लांबून थांबवता येत नाही. मी चिपमध्ये 300 च्या वर ठेवत नाही. आईच्या कार्डात 200, आणि रविवारी गर्दी नसताना आम्ही दोघी स्टेशनवर जाऊन अपडेट करून येतो.