नाशिकमध्ये चांगली कॉफी: स्टीलचा फिल्टर, मोका पॉट, फ्रेंच प्रेस की कॅफे?

मेन रोडपासून नाशिकरोडपर्यंत कुठेही उभे राहा, कटिंग चहा हातात येतो. कॉफीचं तसं नाही. ती शोधावी लागते, नाहीतर घरी नीट करायला शिकावी लागते. तुम्ही आता त्यासाठी थोडे पैसे खर्चायचं ठरवत असाल, तर कुठलं यंत्र आणि कुठला ब्रँड हे प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी एवढंच ठरवा: दूध घालून पिणार की बिनदुधाची? खरेदी चुकते ती बहुतेक वेळा इथेच. हलकी भाजलेली महागडी अरेबिका (कॉफीची सौम्य जात) म्हशीच्या घट्ट दुधात ओतली, की तिची चव पार दबून जाते. उलट चिकरी, म्हणजे भाजून दळलेलं एक मूळ, घातलेली पावडर नुसत्या पाण्यात केली, तर जिभेवर जळका कडवटपणा तेवढा उरतो.

इन्स्टंटपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यांच्या घरात आहे. नेसकॅफे क्लासिकमध्ये निव्वळ कॉफी असते. ब्रू इन्स्टंट आणि नेसकॅफे सनराइझमध्ये 70 टक्के कॉफी आणि 30 टक्के चिकरी. हे प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचायची सवय लावून घ्या. आपल्याकडे पाहुणे आले की किंवा उपासाच्या दिवशी दुधात साखर, वेलची आणि किसलेलं जायफळ घालून जी कॉफी उकळतात, तिला इन्स्टंटच बरी. मला ती कॉफी मनापासून आवडते. पण तिथे चव जायफळाची आणि दुधाची असते, त्यामुळे तिच्यासाठी भारी बीन्स आणण्यात अर्थ नाही.

दुधाची कॉफी रोज पिणाऱ्याला माझं उत्तर एकच आहे: स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर. वीज लागत नाही, कागद लागत नाही, मोडण्यासारखं त्यात काही नाही. भांडी बाजारात विचारून पाहा, नाहीतर ऑनलाइन मिळतोच. दोन माणसांना लहान आकाराचा घ्या. मोठ्या फिल्टरमध्ये थोडी पावडर टाकली तर थर पातळ बसतो आणि पाणी भसकन खाली उतरतं.

करायची पद्धत सोपी आहे, पण घाई चालत नाही. वरच्या भोकांच्या भांड्यात 20 ग्रॅम पावडर, म्हणजे साधारण तीन भरगच्च मोठे चमचे. भांडं हलकेच आपटून ती सपाट करा आणि वर चकती नुसती टेकवा, दाबू नका. उकळून उतरवलेलं पाणी आधी थोडंसं, पावडर भिजेल इतकंच घाला. अर्धा मिनिट थांबा. पावडर फुगते, कडेने बारीक बुडबुडे येतात. ते आले तर पावडर ताजी आहे असं समजा. मग उरलेलं पाणी, सगळं मिळून 120 मिलीच्या आसपास, गोल फिरवत ओता आणि झाकण ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा घट्ट अर्क, खालच्या भांड्यात जमतं. दोन मिनिटांतच सगळं उतरलं तर दळण जाड आहे. अर्ध्या तासानेही वर पाणी तसंच असेल तर दळण फार बारीक आहे किंवा चकती दाबली गेली आहे. एक भाग डिकॉक्शन, दोन ते तीन भाग कडकडीत दूध. दूध तापवायचं, डिकॉक्शन पुन्हा गॅसवर चढवायचं नाही. ते उकळलं की वास उडून जातो आणि हाती फक्त कडूपणा येतो.

पावडर घेताना 80 टक्के कॉफी, 20 टक्के चिकरी हे प्रमाण धरा. चिकरीत कॅफीन नसतं, पण रंग आणि दाटपणा येतो, आणि म्हशीच्या दुधापुढे कॉफी टिकून राहते. गाईचं दूध असेल तर 90:10 पुरे. कायद्याने मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असावी लागते, म्हणजे उरलेली जवळजवळ निम्मी चिकरी असलेलं पाकीटही दुकानात रीतसर विकता येतं. स्वस्त पाकीट उचलण्याआधी तो आकडा बघा.

मोका पॉट दिसायला देखणा, आणि त्यातली कॉफी फिल्टरपेक्षा कडक. 1933 साली इटलीत निघालेलं हे भांडं खालच्या पाण्याच्या वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवतं. पाच मिनिटांत काम होतं, म्हणून सकाळी सातपूर-अंबडची शिफ्ट गाठणाऱ्याला ते सोयीचं. अडचणी दोन. लहान पॉट आपल्या गॅसच्या बर्नरवर नीट बसत नाही, त्यासाठी वेगळी जाळी घ्यावी लागते. आणि ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर तापतच नाही. आच मंद ठेवा, पावडर ठासू नका, आणि गुळगुळ आवाज आला की लगेच उतरवा. त्यानंतर वर येते ती करपलेली कॉफी.

बिनदुधाची पिणार असाल तर फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेलं भांडं, घ्या. 15 ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, 240 मिली पाणी, चार मिनिटं, मग दट्ट्या हळू खाली. शिकण्यासारखं फारसं नाही, म्हणून पहिल्या कपापासून बीन्सची खरी चव कळते. फक्त फिल्टरची बारीक पावडर यात टाकू नका, कपात चिखल उतरेल. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. हलक्या भाजणीवर ते थेट ओतलं तरी चालतं. गडद भाजणी असेल तर मिनिटभर थांबून ओता. कागदी फिल्टरची पोर-ओव्हर कॉफी याहून स्वच्छ लागते, पण तिला नळीच्या तोंडाची किटली आणि हाताची सवय हवी. ती पुढची पायरी.

आता कॅफे. गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवर पर्याय सगळ्यात जास्त. तिथे जागा, गप्पा, एसी यांचेही पैसे आपण देतो, आणि त्यात गैर काही नाही. पण कॉफी चांगली आहे का हे पाहायचं असेल तर कोल्ड कॉफीवरून ठरवू नका. आइस्क्रीम आणि साखरेत कुठलीही कॉफी खपते. आधी बिनदुधाची अमेरिकानो मागवा. काउंटरपाशी उभं राहून बघा: प्रत्येक कपासाठी ताजं दळतात का, दूध फेसाळल्यावर वाफेची नळी लगेच पुसतात का. बीन्स कुठल्या आणि कधी भाजल्या हे विचारा. ज्यांना कॉफीत रस आहे ते हौसेने सांगतात, पाकीट काढून दाखवतात. उत्तर नुसतं ‘इम्पोर्टेड आहे’ असं आलं तर तिथे कापुचिनोवर भागवा.

फिल्टर कॉफी बाहेर प्यायची असेल तर मात्र कॅफेपेक्षा दाक्षिणात्य हॉटेल गाठा, तेही सकाळी. तेव्हा डिकॉक्शन ताजं असतं. दुपारी उरलेलं मिळण्याची शक्यता जास्त.

खर्चाचा हिशोब सरळ आहे. 250 ग्रॅमच्या पाकिटात 15 ग्रॅमचे 16 कप होतात. ताज्या भाजलेल्या कॉफीचं पाकीट 500 रुपयांचं धरलं तरी कप 30 रुपयांच्या आसपास पडतो. कॅफेत त्याच कपाला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. म्हणून रोजची कॉफी घरची आणि महिन्यातून दोनदा कॅफे, तोही नवीन बीन्स चाखून बघायला, असं मी सुचवेन. तिथे आवडली तर तेच पाकीट घरी घेऊन या.

बीन्सबद्दल थोडं. महाराष्ट्रात चिखलदऱ्याला कॉफीची लागवड आहे, पण भारतातली सुमारे 70 टक्के कॉफी एकट्या कर्नाटकातली, आणि आपल्या हाती येते तीही बहुतेक चिकमगळूर आणि कोडगूची. या दोन्हींना आणि आंध्रातल्या अराकूच्या अरेबिकाला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पाकिटावर ‘प्लँटेशन’ लिहिलं असेल तर ती धुऊन वाळवलेली अरेबिका, चवीला स्वच्छ, थोडी आंबटसर. ती बिनदुधाची प्यावी. रोबस्टा ही दुसरी जात असेल तर कडक, कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट. ती दुधात उत्तम. रात्री झोपेचा त्रास असेल तर ही दुसरी संध्याकाळी टाळा.

पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर घेऊ नका. ऑनलाइन मागवताना तुमच्याकडे फिल्टर आहे की फ्रेंच प्रेस ते निवडायची सोय असते, दळण त्याप्रमाणे येतं. एका वेळी 250 ग्रॅमच मागवा, विशेषतः जून ते सप्टेंबर, कारण इथल्या पावसाळ्यात उघडी पावडर दमट होऊन गोळे धरते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा. रोजचा डबा फ्रिजमध्ये नको. आत-बाहेर करताना पाणी सुटतं. आणि स्टीलचा फिल्टर घेतलात तर अधूनमधून वरचं भांडं उजेडाकडे धरून पाहा. भोकं बुजलेली दिसली की गरम पाण्यात थोडं व्हिनेगर घालून रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी मऊ ब्रशने घासा.